मायच्या मनगटावरचा धातू

अश्विनाच्या दुपारी, आभाळ भरून येण्याच्या थोडं आधी, हलक्या, लवकर येणाऱ्या धानाच्या शेतातून एक वास उठतो. लोंबीत दाणा भरत आलेला असतो. त्याचा दुधाळ, किंचित उबट गंध बांधीत, धानाच्या खाचरात, साचलेल्या पाण्याच्या हिरव्या वासात मिसळतो, आणि वारा पडला की तो पुढं सरकत नाही, जागच्या जागी दाटून राहतो. दिघोरीतल्या इतर घरांना त्या वासानं सुगीची चाहूल लागत असेल. आमच्या घरात तो आला की माय हातातलं काम टाकून उठायची आणि घरातलं लोखंड झाकायला लागायची.

विळे, खुरपी, कुदळ, चुलीजवळचा चिमटा, सगळं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात पोत्याखाली जायचं. अंगणातली पितळी घागर घरात यायची. सासरहून चार दिवस आलेल्या माझ्या कानांतली फुलंसुद्धा ती हात पुढं करून मागून घ्यायची आणि मी निमूट काढून द्यायची. तिच्या स्वतःच्या अंगावर तर धातूचा कण उरलेला नव्हता. पोतीतले सोन्याचे मणी तिनं केव्हाच उतरवून ठेवले होते. हातांत काचेच्या बांगड्या होत्या, तेवढ्याच. ढग गडगडून दूर निघून गेले की ती दारात येऊन बसायची, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी एक विचित्र रितेपण असायचं, ज्याची वाट पाहिली ते पाहुणे दारावरून निघून गेल्यासारखं.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. त्याला शाळामास्तरची नोकरी लागली त्या वर्षी मायनं रोवणीच्या मजुरीतून त्याच्यासाठी घड्याळ घेतलं होतं. स्टीलची चेन, स्टीलची डबी, आरशासारखी लखलखीत. हात हलवला की भिंतीवर उजेडाचा एक कवडसा पळायचा. तो घड्याळ काढून पेटीत ठेवू लागला तेव्हा ती म्हणाली होती, "हातातच राहू दे. गावानं पाह्यलं पायजे, माह्या पोराच्या हातात घड्याळ हाय म्हनून." ज्या आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत वाकून धानाचे पऱ्हे लावले, तिला आपल्या मुलाचं मनगट उंच झालेलं दिसावं, यात वावगं काय होतं?

हस्ताच्या पावसात एका दुपारी तो बांधीतलं पाणी काढून द्यायला गेला. धान लवायला आलं होतं, आणि पाणी तुंबलं असतं तर सगळं आडवं झालं असतं. तो धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या उंच बांधावर, उभा होता. सपाट, ओल्या, उघड्या शेतात तेवढा एकच उभा होता. लोक त्याला खाटेवर घालून घरी घेऊन आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, झोपेसारखीच झोप होती. फक्त डाव्या मनगटाभोवती, चेन होती तिथं, कडी-कडी उमटलेला काळा डाग होता. तो डाग सगळ्यांनी पाहिला. कोणीतरी हळूच म्हणालं, "घड्याळानं ईज ओढली." मायनं ते ऐकलं.

आमचं घर बुद्धाच्या वाटेवर आलेलं. देवाचा कोप, करणी, ग्रहदशा हे शब्द आमच्या आज्यानंच उंबऱ्याबाहेर ठेवले होते, आणि माय त्या बाबतीत त्याच्याहूनही कडक. दहनानंतर शेजारपाजारच्या बाया 'देवानंच बोलावलं' म्हणू लागल्या तेव्हा तिनं त्यांना गप्प केलं होतं. जिथं देव नाही तिथं कोप नाही. पण कारण तर हवं. पोटचा पोरगा भर दुपारी धुऱ्यावर उभ्या-उभ्या जातो, त्याला काही कारण नसावं, हे कोणती आई सोसेल? तिनं घड्याळ घेतलं. म्हणजे ते कारण म्हणून मनात घेतलं, आणि त्याच्यासोबत ते विकत आणणारा हातही. तो हात तिचा होता.

पुण्यानुमोदनाचं जेवण आटोपल्यावर तिनं घड्याळ गावाबाहेरच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, फेकलं. त्यानंतर त्या बोडीतला शिंगाडा तिनं कधी तोंडात घातला नाही, मासळी घरात येऊ दिली नाही. उन्हाळ्यात पाणी आटून मधोमध चिखलाचं एक थारोळं उरायचं, तेव्हा ती काठाच्या पाळीवर उभी राहून त्या चिखलाकडं पाहत राहायची. "चमकते," एवढंच सांगायची. मी तिच्या शेजारी उभी राहून पाहिलं आहे. मला तडकलेला चिखल दिसला, एक बगळा दिसला. चमकताना काही दिसलं नाही. पण घरी परतताना माझी पाठ मात्र त्या पाण्याकडं वळायला तयार नसायची.

अशी तीसेक वर्षं गेली. बाबा गेले. शेत अधियानं, अर्ध्या वाट्यावर, दिलं गेलं, आणि त्या बांधीत मायनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मी भंडाऱ्यात शाळेत मराठी शिकवत राहिले, मुलगी सलोनी इंजिनिअर झाली. माय दिघोरी सोडायला राजी नव्हती. यंदा भाद्रपदात ती न्हाणीजवळच्या शेवाळावर घसरून पडली आणि शेजारच्या कुंताबाई ताक मागायला येईपर्यंत तशीच ओल्यात पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि ठोके मधूनच चुकतात असं सांगितलं. सलोनीनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं: आजीच्या हातात स्मार्टवॉच हवं. पडली तर ते आपणहून आम्हाला कळवेल, ठोके दाखवेल, ती कुठं आहे ते दाखवेल, त्यातून बोलताही येईल.

मायच्या मनगटावर घड्याळ, हे शब्द एकमेकांशेजारी ठेवायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

मायला घेऊन आम्ही भंडाऱ्याच्या ज्या दुकानात गेलो तिथं गारवा होता आणि अत्तरासारखा कसलासा वास. काळ्या मखमलीवर दुकानातल्या मुलीनं घड्याळं मांडली, पट्टे काढून, नुसत्या डब्या. पाणी आटल्यावर उघडे पडलेले गुळगुळीत गोटे असावेत तशा त्या दिसत होत्या. ती मुलगी मन लावून एकेकीबद्दल सांगू लागली. ही अ‍ॅल्युमिनियमची, वजनाला हलकी, रंग बरेच, पण आपटली की पोचा पडतो. ही टायटॅनियमची; पावसाळी सकाळच्या आभाळासारखा तिचा करडा, न चमकणारा रंग, स्टीलहून हलकी आणि म्हाताऱ्या कातडीला न चावणारी. ही स्टीलची, पण घासून मंद केलेली, पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक रेषा असलेली. आणि ही तीच स्टीलची, आरशाची पॉलिश केलेली. शेवटी तिनं खालच्या खणातून एक साधं, प्लॅस्टिकच्या डबीचं घड्याळ काढलं. "हे शाळेतली मुलं घालतात," ती म्हणाली. माझी नजर त्या प्लॅस्टिकवर खिळली. दिसायला सामान्य, धुरकट, निर्जीव. मला ते जगातलं सर्वांत सुंदर घड्याळ वाटलं.

माय खुर्चीवर ताठ बसली होती. तिनं विचारलं, "याच्यात लोखंड कोन्त्यात हाय?"

मुलगी गोंधळली. "आजी, स्टीलमध्ये असते ना. पण गंजत नाही."

"गंजाचं नाही इचारत. ईज कोन्त्यावर येते?"

मुलगी हसली आणि आमचे चेहरे पाहून थांबली. मी घाईनं म्हटलं, "माय, हे प्लॅस्टिकचं घेऊ. हलकं हाय, तुले टोचणार नाही." पण सलोनीला राहवलं नाही. ती मायच्या पायाशी उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. आमच्या घरात जी गोष्ट कोणी कधी बोललं नव्हतं, ती तिनं अगदी मायेनं बोलून टाकली.

"आजी, ऐक ना. घड्याळ विजेला बोलावत नाही. एवढुसा धातू तिला वरून दिसतही नाही. उघड्या शेतात जे सगळ्यात उंच असते त्याच्यावर ती येते. मामाच्या हातात घड्याळ नसतं तरी आली असती. तुझी काहीच चूक नव्हती गं."

दुकानातला पंखा फिरत होता. मायनं नातीकडं पाहिलं, मग मखमलीकडं. मला वाटलं, ती रडेल. पुस्तकांत, सिनेमांत माणसं अशा वेळी रडतात, आणि वर्षानुवर्षांचं ओझं डोळ्यांवाटे वाहून जातं. मायच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं बोट पुढं करून एकेका डबीला स्पर्श केला, बाजारात वांगं दाबून पाहावं तसा: अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, मंद स्टील. आरशाच्या पॉलिशवर तिचं बोट थांबलं. तिथं तिच्या नखाची, बोटाच्या चिरांची, आणि मागच्या दिव्याची प्रतिमा उमटली होती.

"हे द्या," ती म्हणाली.

घरी येताना सलोनीचे डोळे आनंदानं भरले होते. माझेही. आजी मोकळी झाली, असं ती सगळ्या वाटेवर म्हणत राहिली, आणि मी मान हलवत राहिले. गाडीच्या काचेतून धानाची शेतं मागं पळत होती. मायनं मनगट मांडीवर ठेवलं होतं, झोपलेलं तान्हं ठेवावं तसं, आणि तिच्या हातावरचा प्रकाशाचा ठिपका गाडीच्या छताला लागून थरथरत होता. तेव्हाच माझ्या मनात काहीतरी कचकन हललं होतं. पण सुखाच्या क्षणी अशा हालचालींकडं लक्ष द्यायचं नसतं, असं आपण शिकलेलो असतो.

त्यानंतर माझ्या दिवसांना एक नवा चाळा लागला. दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात मी फोन उघडायची, आणि नकाशावर दिघोरीच्या घरांमध्ये एक निळा ठिपका शांत बसलेला दिसायचा. तो ठिपका म्हणजे माय. विहारापर्यंत जाऊन यायचा, कुंताबाईंच्या अंगणात रेंगाळायचा, संध्याकाळी घरात स्थिर व्हायचा. खाली तिच्या काळजाचे ठोके आकड्यांत उमटायचे. ज्या बाईच्या मनात काय चाललं आहे हे मला कधी कळलं नव्हतं, तिच्या रक्ताची गती आता माझ्या तळहातावर होती.

हस्ताच्या एका दुपारी भंडाऱ्यात आभाळ काळंनिळं झालं. शाळा लवकर सुटली. वर्ग रिकामा होता, बाकांवर खडूची धूळ होती, आणि दूर कुठंतरी गडगडाट सुरू झाला होता. मी सवयीनं फोन उघडला. निळा ठिपका घरात नव्हता. तो गावाबाहेर होता. बोडी ओलांडून तो हळूहळू, म्हातारीच्या पावलांनी, पुढं चालला होता; आणि त्या दिशेला पुढं काय आहे हे मला नकाशावाचून ठाऊक होतं.

मी घड्याळावर फोन लावला. पलीकडून आधी पाऊस ऐकू आला, मग तिचा श्वास.

"माय, कुठं हायेस तू?"

"बांधीत."

"कायले गेलीस? ईज कडाडून राहिली तिकडं! परत जा घरी."

"थांब वं जराशी," ती म्हणाली. आवाज शांत होता. "पाहून राहिली मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकानात तिनं काय निवडलं होतं. आम्हाला वाटलं, नातीचं शास्त्र तिनं मानलं. तिनं ते ऐकलं होतं फक्त. साऱ्या गुळगुळीत गोट्यांतून तिनं तोच उचलला होता, तीच चमक, तोच धातू. आणि तेच नक्षत्र येईपर्यंत ती वाट पाहत राहिली होती. आता ती त्याच धुऱ्यावर, तसंच घड्याळ घालून उभी होती. खरं काय ते तिला आमच्याकडून नको होतं. ते तिला आभाळाकडूनच हवं होतं.

मी शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेचा फोन मागून घेऊन कुंताबाईंना सांगितलं. त्या ओरडतच निघाल्या. माझा फोन मात्र मी बंद केला नाही, स्पीकरवर टाकून हातात धरून राहिले. फोन ठेवला तर ती एकटी पडेल, असं काहीतरी वेडं मला वाटत होतं. पलीकडं पाऊस धानावर पडत होता. त्याचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा नसतो. तो कुजबुजीसारखा असतो, पुष्कळ माणसं एका खोलीत दबक्या आवाजात बोलत असल्यासारखा. मधेच एक कडकडाट झाला, इतका जवळ की फोनमधला सगळा आवाजच फाटला आणि मग काही ऐकू येईना. मी "माय, माय" म्हणत राहिले. वर्गाच्या भिंती माझ्याकडं पाहत होत्या. तिच्या ठोक्यांचा आकडा पडद्यावर थरथरत होता, पण तो आताचा की मघाचा, मला कळेना.

मग तिचा श्वास पुन्हा आला. आणि फार वेळानं, फार हळू, ती बोलली.

"नाही आली, सुजू."

पुढं कुंताबाईंचा आवाज, शिव्या, हुंदके, चिखलातली पावलं.

दिघोरीला जाताना सलोनी गाडी चालवत होती. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि पागोळ्या गळत होत्या. माय चुलीपुढं गोधडी पांघरून बसली होती, केस मोकळे, ओले. तिच्या पांढऱ्या केसांतून चुलीचा उजेड आरपार दिसत होता. कुंताबाई तिच्या तळव्यांना तेल चोळत होत्या आणि आम्हाला पाहताच म्हणाल्या, "सांभाळा बाप्पा तुमच्या मायले. कितीक ओढली, पन धुऱ्यावरून हालत नव्हती." त्या गेल्यावर सलोनी आजीच्या कुशीत शिरली आणि लहानपणी रडायची तशी रडली. "मी तुला सांगायलाच नको होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं.

तिनं मनगट माझ्यापुढं धरलं. "पाह्य."

मी घड्याळ सोडवलं. खाली सुरकुतलेली, ओलसर, फिकट कातडी होती. पट्ट्याचा वळ होता, बस्स. कुठं डाग नव्हता.

"घड्याळानं नोहोती ओढली," ती म्हणाली.

"नाही, माय."

"मंग त्याच्यावर काहून आली वं?"

मी मराठी शिकवते. शब्दांवरच माझं पोट चालतं. माझ्या मुलीला विजेचं सगळं शास्त्र येतं. उंचीचं सांगता आलं असतं, उघड्या माळाचं, ओल्या मातीचं. वीज कशी आली याची सगळी उत्तरं होती. काहून, याचं उत्तर कोणाकडं होतं? इतकी वर्षं त्या लहानशा लखलखीत डबीनं ते दार अडवून धरलं होतं. मायनं स्वतःला दोषी धरलं होतं, पण निदान धरायला काहीतरी होतं. आम्ही तिच्या हातून तेही सोडवून घेतलं.

लाकूड आवाज करत जळत होतं. मग माय अगदी वेगळ्याच, चाचपडणाऱ्या आवाजात म्हणाली, "सुजू, त्याचा आवाज कसा होता?"

"म्हंजे?"

"मिलिंदचा. बोलायचा कसा तो? मले त्याचा हात दिसते. सारखा हातच दिसते. आवाज येत नाही. कितीक वर्स झाले, येतच नाही."

मी आठवू लागले. आणि मला भीती वाटली, कारण क्षणभर माझ्याकडंही काही नव्हतं. होती ती फक्त खाट, मनगट, डाग. आम्ही सगळ्यांनी त्याला त्या एका दुपारीत ठेवलं होतं आणि बाहेर येऊ दिलं नव्हतं. मग कुठूनतरी एक धागा हाती लागला. शाळेतून यायचा तेव्हा तो अंगणातूनच हाक मारायचा. 'माय' हा एवढासा शब्द. पण तो त्याचे दोन तुकडे करायचा, पहिला खाली, दुसरा वर चढवत नेलेला, उगाच लांबवलेला, जणू ती घरात नसून बोडीपलीकडं कुठंतरी आहे. बाबा चिडायचे त्या हाकेवर. भूक लागलेल्या वासराची हाक म्हणायचे तिला.

मी घसा साफ केला. साठीला टेकलेली बाई मी, माझा आवाज जाड झालेला. पण मी डोळे मिटले आणि जमेल तशी ती हाक मारली: पहिला तुकडा खाली, दुसरा वर.

सलोनीनं मान वर केली. तिनं तो आवाज कधीच ऐकलेला नव्हता.

आणि माय गोधडीतून थोडी सावरून बसली, केस कानामागं घेतले, आणि अगदी सहज, रोजच्यासारखी, किंचित वैतागून बोलली, "हाव रे, आली."

ती माझ्याकडं पाहत नव्हती. दाराकडं पाहत होती. बाहेर अंगणात संध्याकाळ उतरत होती, ओल्या मातीवर अजून थोडा उजेड होता, आणि मीही, काय दिसेल याचा विचार न करता, हळूहळू तिकडं मान वळवली.